गोल पाच

इन्शिराह अब्देल-मकसूदचं अक्षर घाणेरडं होतं, आणि हे तिनं स्वतः कधी नाकारलं नाही. तिचा बाप मुहर्रम बे भागातला शिंपी. त्याची शिलाई नुसती बघायला बायका वाट वाकडी करून दुकानाशी यायच्या, आणि त्याच्या पोटी ही अशी कोंबडीच्या पायानं लिहिणारी निपजली. "डोकं पुढं पळतंय हिचं, हात मागून धापा टाकत येतोय," असं बाप गिऱ्हाइकांना सांगायचा. पुढं ही मुलगी अलेक्झांड्रियात संगणकशास्त्राची प्राध्यापक झाली, तिनं अडतीस वर्षं शिकवलं, देशोदेशी तिचे निबंध वाचले गेले. आणि ज्या कामानं तिचं नाव झालं, ते काम त्या घाणेरड्या अक्षरातूनच निघालं.

यंत्राकडून आकडेमोड करून घेणारे तेव्हाही पुष्कळ होते. इन्शिराहला यंत्राकडून अक्षरं सोडवून घ्यायची होती. शाळेत आपण क्ष आणि य घेऊन कंस सोडवतो, अवयव पाडतो, समीकरणातून एक अज्ञात हाकलून दुसऱ्याला धरतो, ते सगळं यंत्रानं करायचं आणि उत्तरही अक्षरांतच द्यायचं, असा तिचा हट्ट. १९७६ साली ती विभागात साहाय्यक म्हणून लागली आणि तिनं हा विषय मांडला, तेव्हा सगळी खोली हसली.

"सरकारनं एवढं मोठं यंत्र आणलंय ते कापसाच्या गाठी मोजायला," एक वयस्कर प्राध्यापक म्हणाले. "त्याला आता अलिफ-बे गिरवायला बसवणार का?"

डॉ. रिफअतही हसले, पण तिचं मार्गदर्शन त्यांनीच पत्करलं. माणूस चांगला. फक्त भांडणाला भ्यायचा.

यंत्र वरच्या मजल्यावर थंड हवेत बसलेलं. तिथं आपल्याला प्रवेश नाही. आपण काय करायचं, तर छापील पत्रकांवर आकडे भरायचे, ती पत्रकं तळघरातल्या खिडकीत द्यायची, आणि तिथला माणूस ती वाचून जाड कागदाच्या पत्त्यांना भोकं पाडायचा. ते पत्ते वर यंत्राच्या पोटात जायचे. तळघरातला तो माणूस म्हणजे अम्म वहबा. अम्म म्हणजे काका. नात्याचा नसला तरी वयानं मोठ्या कामकरी माणसाला आमच्याकडं असंच म्हणतात. पंचावन्नच्या आसपासचा, कॉप्ट ख्रिस्ती, शिक्षण आठवीपर्यंत, आणि आधी वीस वर्षं तारखात्यात काढलेली. तारखातं आटलं तसा तो इथं आला.

"उस्ताझा," शिकलेल्या बाईला मारतात तशी हाक मारून, पहिलं पत्रक हातात घेऊन तो म्हणाला होता, "हे तुम्ही लिहिलंय, की बोटीवर बसून कुणाकडून लिहवून घेतलंय?"

"वाचता येत नसेल तर परत द्या, अम्म वहबा."

"परत कशाला? वीस वर्षं डॉक्टरांच्या तारा वाचल्यात मी. तुमचं अक्षर त्यांच्यापेक्षा बरं आहे. थोडंसं."

एवढीच काय ती ओळख. सकाळी पत्रक खिडकीतून आत, दुपारी पत्त्यांचा डबा खिडकीतून बाहेर. त्याच्या उपवासाच्या दिवसांत त्याच्याकडं मांस-लोणी काही नसायचं, तेव्हा तो ताअमियाचे वडे कागदात बांधून तिच्या डब्यावर ठेवायचा. रमझानात ती त्याला संध्याकाळसाठी खजूर पाठवायची. क्वचित तो एखादं पत्रक बाजूला ठेवून विचारायचा, "इथं काय आहे, नीट सांगा." ती सांगायची. चार वर्षांत चारदा असं झालं असेल. पहिल्या पानापासून शेवटच्या प्रकरणाला हात घालेपर्यंत तीनशे ब्याण्णव पत्रकं त्या खिडकीतून गेली आणि यंत्रानं तिला कधी दगा दिला नाही. इतकं बिनचूक काम होतंय म्हटल्यावर तिचीही मान जरा ताठ झालीच होती.

१९८० च्या मे अखेरीला प्रबंधाची तोंडी परीक्षा ठरली. बाहेरचे परीक्षक कैरोहून येणार होते. जर्मनीत दोन वर्षं संशोधनाची जागाही तिला मिळालेली, पण अट अशी की सप्टेंबरात पदवी हातात पाहिजे. बापानं शेजारीपाजारी आधीच सांगून टाकलं होतं, आणि तिच्यासाठी जर्मनीच्या थंडीचा जाड कोट बेतायला घेतला होता.

ईस्टर झाल्यावर अम्म वहबा मुलीच्या लग्नासाठी मिन्याला गेला, पंधरा दिवसांच्या रजेवर. त्याच्या जागी सुआद नावाची मुलगी आली. नुकतीच शिकून आलेली, हात विजेसारखा चालायचा. शेवटच्या प्रकरणाची वीस पत्रकं तिनं एका सकाळीत उरकली. इन्शिराह खूश झाली. दुसऱ्या दिवशी वरून उत्तर आलं आणि तिच्या पायाखालची जमीन सरकली. जिथं सहा अज्ञातांतून पाच निघून जायचे तिथं एकही जात नव्हता. समीकरणं एकमेकांशी जुळायलाच तयार नव्हती.

पाच दिवस ती आपल्या प्रोग्रॅमच्या मागं लागली. एकेक ओळ वाचली, पुसली, पुन्हा लिहिली. चूक सापडेना. डॉ. रिफअत कागद बघून म्हणाले, "मुली, प्रोग्रॅम जर इथं चुकत असेल, तर मागच्या पाच प्रकरणांत तो बरोबर होता कशावरून?" हे तिलाही कळत होतं. कुणी तोंडावर बोलावं, एवढंच बाकी राहिलं होतं.

सहाव्या दिवशी अम्म वहबा लग्नाची मिठाई घेऊन हजर. इन्शिराहनं मिठाई धड पाहिलीही नाही. "ही वीस पत्रकं पुन्हा पाडून द्या," एवढंच म्हणाली. त्यानं अर्धा दिवस घेतला. पत्ते वर गेले आणि उत्तर आलं ते सरळ, स्वच्छ, पाचही अज्ञात निघून गेलेले.

दुसरी कुणी असती तर तिनं देवाचे आभार मानून पत्ते कपाटात टाकले असते. इन्शिराहनं दोन्ही डबे समोर घेतले आणि सुआदचे पत्ते अम्म वहबाच्या पत्त्यांशी एकेक करून ताडून पाहिले. सात ठिकाणी फरक. सातही ठिकाणी सुआदनं शून्य पाडलेलं, त्यानं पाच. आणि मूळ पत्रकावर, तिच्याच हातचा, सातही ठिकाणी एक छोटा गोल.

आता हे समजायला एवढंच ध्यानात ठेवायचं: आमच्या अरबी लिपीत पाच हा नुसता गोल असतो, आणि शून्य म्हणजे एक टिंब. पत्रकं मात्र विलायती आकड्यांत भरायची असतात आणि त्या आकड्यांत गोल म्हणजे शून्य. इन्शिराह नेमानं विलायती आकडे लिहायची, पण मोजायची मनातल्या मनात अरबीत. दमली की हात घरच्या वळणावर जायचा आणि पाचाच्या जागी गोल उतरायचा. बरं, हे आकडे होते अक्षरांच्या डोक्यावरचे घात. क्षचा पाचवा घात म्हणायचा तर शून्यावा घात झाला. घातानंच घात केला म्हणायचा.

ती तळघरात गेली. खिडकीशी उभी न राहता दार ढकलून आतच शिरली.

"माझ्या पत्रकांत तुम्ही हात घातलात?"

अम्म वहबानं भोकं पाडायचं यंत्र थांबवलं. "पत्रकाला हात लावला नाही, उस्ताझा. ते तुमचं आहे. पत्त्यावर जे खरं होतं ते पाडलं."

"खरं काय ते तुम्हाला कसं कळणार? तुम्हाला हे गणित येतं का?"

"गणित नाही येत. बेरीज येते." त्यानं एक पत्रक ओढून घेतलं आणि तिच्यासमोर पसरलं. "हे बघा. एका ओळीत सहा रकाने. सहा आकड्यांची बेरीज करायची. पहिल्या ओळीत बारा. दुसरीत बारा. अख्ख्या पानावर कुठल्याही ओळीत बाराच. दुसरं पान घ्या, तिथं अठरा तर सगळीकडं अठरा. का ते तुम्हाला ठाऊक. पण एखादी ओळ पाचानं कमी पडली आणि तिच्यात एक गोल असला, तर तो गोल शून्य कसा असेल? दुपारी जेवण झाल्यावर लिहिलेल्या पानांत असे गोल फार असतात तुमचे."

इन्शिराह खुर्चीत बसली. तिची सगळी समीकरणं समघाती होती, म्हणजे प्रत्येक पदातल्या, पत्रकावरच्या प्रत्येक ओळीतल्या, घातांची बेरीज सारखीच. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, तिच्या प्रबंधात त्यावर एक आख्खं पान होतं. पण त्याचा असा काही उपयोग असतो, हे मात्र तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. ते तळघरातल्या माणसाच्या बोटाला सापडलं होतं.

"कधीपासून करताय हे?"

"पहिल्या वर्षापासून."

"किती ठिकाणी?"

"ते कोण मोजतंय?"

तिला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग खरी भीती. चारशे बारा पत्रकं बिनचूक होती ती तिच्यामुळं नव्हे.

डॉ. रिफअतना तिनं सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावून घेतलं. "उत्तरं बरोबर आहेत ना? मग झालं. प्रबंधात तुझं हस्ताक्षर छापलेलं नाही. मांडवात उभं राहून नवरीच्या जुन्या आजाराविषयी कुणी बोलतं का?"

"पण सर, विचारलं तर?"

"कुणी विचारत नाही गं. चाळीस परीक्षा घेतल्यात मी. कुणी नाही विचारत."

घरी कोटाला अस्तर लागत होतं. तिनं बापाला काहीच सांगितलं नाही.

आमच्याकडं ही परीक्षा सगळ्यांसमोर होते. घरचे, शेजारचे, मामा-मावश्या येतात, मिठाईचे खोके येतात, निकाल लागला की बायका जीभ हलवून आनंदाची आरोळी देतात. इन्शिराहच्या परीक्षेलाही सभागृह भरलं. बाप पहिल्या रांगेत, स्वतः शिवलेल्या सुटात. अम्म वहबा मागच्या दाराशी उभा. परीक्षक डॉ. लबीब अश्मावी बारीक अंगाचे, खाली मान घालून बोलणारे. दोन तास ते तिला फिरवत राहिले आणि तिनं एकही प्रश्न सोडला नाही. डॉ. रिफअतचा चेहरा खुलत चालला. शेवटी अश्मावींनी प्रबंध मिटला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं:

"चारशे बारा पत्रकं. तुमचा कागद आणि यंत्र यांच्यामध्ये एक माणूस बसतो. तुम्ही लिहिलंत तेच आत गेलं, हे कशावरून?"

डॉ. रिफअतनी डोळे मिटून घेतले. "तपासणी केली" एवढे दोन शब्द पुरेसे होते. इन्शिराहच्या जिभेवर ते आलेही होते. पण मागं दाराशी तो माणूस उभा होता, आणि ते दोन शब्द बोलले असते तर त्याची चार वर्षं तिनं आपल्या खिशात घातली असती.

"मी लिहिलं ते आत गेलंच नाही," ती म्हणाली. "जे बरोबर होतं ते गेलं. अम्म वहबांनी घातलं."

मग तिनं सगळं सांगितलं. सभागृहात खुर्च्या करकरल्या. अश्मावींनी अम्म वहबाला पुढं बोलावलं.

"तुम्ही हिला सांगितलं का नाही?"

"आधी वाटलं, तिला ठाऊक असेल, डॉक्टर. मग वाटलं, सांगितलं तर घाबरेल, आणि घाबरलेल्या माणसाचं अक्षर आणखी बिघडतं. तारखात्यात बघितलंय मी. घरात कुणी गेलं की लोक तार लिहायला यायचे, हात थरथरायचा, गावाचं नाव चुकायचं. आम्ही त्यांना काही म्हणायचो नाही. गाव बरोबर करून तार पाठवायचो."

"आणि एका ओळीत दोन गोल असले, बेरीज मात्र पाचानंच कमी असली, तर?"

"तर सगळं पान बघायचं. तिची पानं न्यायाची असतात. एका ओळीत पहिल्या अक्षराला चार आणि दुसऱ्याला एक दिला असला, तर खाली कुठंतरी पहिल्याला एक आणि दुसऱ्याला चार दिलेला असतोच. एकाला दिलं ते दुसऱ्याला दिल्याशिवाय ती पान संपवत नाही. त्यावरून कळतं. तरीही नाही कळलं तर विचारायचं. चारदा विचारलंय."

अश्मावींनी मिटलेला प्रबंध पुन्हा उघडला. समीकरणांतला सारखेपणा, ज्यावर इन्शिराहनं तिसरं प्रकरण लिहिलं होतं, तो या माणसानं नुसतं वाचून ओळखला होता.

निकाल मात्र व्हायचा तोच झाला. पदवी सहा महिने पुढं ढकलली. तळघरातला माणूस जे बोटानं करतो ते प्रोग्रॅमनं स्वतः करावं, सगळी पत्रकं त्यातून पुन्हा जावीत, आणि मग यावं. "खरं बोलल्याबद्दल मी तुमचा मान ठेवतो," अश्मावी म्हणाले, "पण खरं बोलल्याबद्दल पदवी देता येत नाही." जर्मनी गेली. मिठाईचे खोके न उघडता घरी परत गेले, आणि बापानं कोट गुंडाळून माळ्यावर टाकला. तिच्या खांद्यावर हात ठेवून तो दुकानात निघून गेला, हे ती अजून सांगते.

दुसऱ्या दिवशी अम्म वहबा खिडकीशी आला तर इन्शिराह आधीच आत बसलेली. "माझ्यामुळं गेलं ना सगळं," तो म्हणाला.

"तुमच्यामुळंच होतं सगळं. आता बसा आणि सांगा. गोल दिसला की आधी काय करता?"

पुढचे सहा महिने त्यांनी त्या तळघरात काढले. तो सांगायचा, ती लिहायची. तो कुठं थांबतो, कुठं मान हलवतो, कुठलं पान बाजूला ठेवतो. कित्येकदा त्यालाही सांगता यायचं नाही आणि तो चिडायचा: "अगं पोरी, दिसतं ते! दिसतं ते कसं सांगू?" मग ती त्याला दहा पानं द्यायची आणि मागं उभं राहून त्याचं बोट कुठून कुठं जातं ते बघायची. नोव्हेंबरात सगळी पत्रकं, या वेळी प्रत्येक गोलाला शून्यच पाडून, नव्या प्रोग्रॅममधून गेली. सुधारलेल्या त्रेसष्ट जागा निघाल्या, त्रेसष्टही बरोबर. आणि चार ठिकाणी यंत्र थांबलं, अंदाज बांधला नाही, कागदावर एक ओळ छापून विचारलं की इथं काय आहे. तीच चार पत्रकं, जी अम्म वहबानं विचारली होती. ते बघून इन्शिराहला तिथंच रडू आलं, आणि त्यानं तिला पाणी आणून दिलं.

डिसेंबरात अश्मावींनी एक तासात परीक्षा उरकली आणि या वेळी बायकांनी आरोळ्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. प्रबंधाच्या आभारात देवानंतर, मार्गदर्शकांच्या आधी, वहबा गिर्गिस हे नाव होतं. असा क्रम चालत नाही, असं डॉ. रिफअत म्हणाले. मग म्हणाले, "राहू दे."

जर्मनीत जायचं होतं ते समीकरणांतून अज्ञात झपाट्यानं कसे काढावेत ते शिकायला. ते काम पुढं दुसऱ्यांनी केलं आणि चांगलं केलं. इन्शिराहच्या वाट्याला दुसरंच आलं, आणि ते कुणालाच सुचलं नव्हतं: यंत्रानं उत्तर देण्याआधी आपल्याला दिलेल्या गोष्टीवर शंका कशी घ्यावी, आणि कळत नसेल तर कसं विचारावं. जन्मभर तिनं तेच केलं आणि तेच शिकवलं. समीकरणांतले न बदलणारे गुण धरून चूक पकडायच्या तिच्या पद्धतीला तिनं पहिल्या निबंधात वहबा-कसोटी असं नाव दिलं. ते नाव जगभर गेलं. आपल्याला जे मिळालं ते सगळं एका माणसाच्या चांगुलपणातून मिळालं, असं ती वर्गात उघड सांगायची, आणि सांगताना तिला संकोच वाटत नसे.

१९९३ साली तिला कॅनडातून एक पत्र आलं. तिकडच्या एका प्राध्यापकानं कसोटीवर काम केलं होतं. प्राध्यापक वहबा यांचे इतर लेख कुठंच सापडत नाहीत, कृपया पाठवावेत, अशी त्याची विनंती होती. इन्शिराह पत्र घेऊन अम्म वहबाच्या घरी गेली. निवृत्त होऊन त्याला बारा वर्षं झाली होती, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. तिनं पत्र अरबीत वाचून दाखवलं तेव्हा तो इतका हसला की आतून बायको बघायला आली.

"उत्तर लिहायला पाहिजे," तो मग म्हणाला. "कुणी पत्र लिहिलं की उत्तर द्यावं. घे, लिही."

तिनं वही उघडली.

"लिही, की साहेब, माझे लेख नाहीत." त्यानं चष्मा काढून डोळे पुसले. "मी आयुष्यात काही लिहिलं नाही. मी फक्त या पोरीचं लिहिलेलं वाचलं."

इन्शिराहनं इंग्रजीत लिहायला घेतलं. सगळं उतरलं, पण 'या पोरीचं' हे शब्द काही केल्या उतरेनात. इंग्रजीत जो शब्द बसवावा तो त्याच्या तोंडचा वाटेना. चाळिशी ओलांडलेली, विभागप्रमुख झालेली बाई त्या दोन शब्दांपाशी बसून राहिली. शेवटी तिनं ते अरबीतच ठेवले, इंग्रजी ओळीच्या मधोमध, सावकाश, जमेल तितक्या चांगल्या अक्षरात.